चीनमध्ये व्हॉट्सॲप का चालत नाही? ‘ग्रेट फायरवॉल’च्या आत राहून समजलेल्या गोष्टी

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजसमोर एकच टिक दिसली की आपण काय समजतो? समोरच्याचा फोन बंद असेल, नाहीतर रेंज नसेल. माझ्या ताईने एका शनिवारी रात्री मला मेसेज केला होता, “आज्जीला ॲडमिट केलंय, लगेच फोन कर.” त्या मेसेजसमोर सोमवारी सकाळपर्यंत एकच टिक होती. माझा फोन चालू होता आणि वायफायलाही फुल रेंज होती. फरक एवढाच, की मी नोकरीसाठी चीनमधल्या शेनझेन शहरात राहत होतो.

एक टिक म्हणजे मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला, पण फोनपर्यंत नाही. मग मध्ये अडला कुठे? तेच आज समजून घेऊया.

ग्रेट फायरवॉल म्हणजे काय?

चीनमधून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा सगळा डेटा मोजक्या आंतरराष्ट्रीय मार्गांवरूनच जातो. या मार्गांवर सरकारने तपासणीची यंत्रणा बसवली आहे. तिलाच जगभर ‘ग्रेट फायरवॉल’ म्हणतात. यूट्यूब, फेसबुक आणि ट्विटर तिथे २००९ मध्ये बंद झाले. जीमेल २०१४ च्या शेवटी आणि व्हॉट्सॲप २०१७ मध्ये अडवलं गेलं. विकिपीडियाची चिनी आवृत्ती आधीच बंद होती. एप्रिल २०१९ पासून सगळ्या भाषांमधला विकिपीडिया बंद झाला, म्हणजे त्यात आपला मराठी विकिपीडियाही आला!

ब्लॉकिंग नेमकं कसं होतं?

मुख्य पद्धती चार आहेत.

१) खोटा पत्ता देणे: आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा फोन आधी डीएनएसला विचारतो, “या नावाचा आयपी पत्ता काय?” हा प्रश्न फायरवॉलच्या नजरेस पडला आणि नाव बंदीच्या यादीत असेल, तर खरं उत्तर यायच्या आधीच ती खोटं उत्तर पाठवते. आपला फोन पहिलं आलेलं उत्तर खरं मानतो आणि भलतीकडेच जातो.

२) पत्ताच बंद करणे: काही आयपी पत्त्यांकडे जाणारा डेटा सरळ टाकून दिला जातो. उत्तर काहीच येत नाही. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं.

३) नाव वाचून कनेक्शन तोडणे: साइटच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर एन्क्रिप्ट होतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण कनेक्शन सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. याला एसएनआय म्हणतात. पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता पोस्टमनला वाचता येतोच ना, तसंच हे. फायरवॉल ते नाव वाचते आणि दोन्ही बाजूंना “कनेक्शन बंद करा” असा खोटा संदेश पाठवते. फोनला वाटतं सर्व्हरने कनेक्शन तोडलं, आणि सर्व्हरला वाटतं फोनने तोडलं.

४) व्हीपीएन ओळखणे: एन्क्रिप्ट केलेल्या डेटाच्या ठेवणीवरून फायरवॉल अंदाज बांधते. एखाद्या सर्व्हरचा संशय आला तर स्वतःच त्याच्याशी कनेक्शन करून बघते आणि खात्री पटली की तो बंद करते. म्हणून काल चाललेलं व्हीपीएन आज चालत नाही.

सगळ्यात मोठा त्रास कोणता?

या चारही पद्धतींमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती तुमच्या लक्षात आली का? “ही साइट सरकारने बंद केली आहे” अशी पाटी कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त बिघाड.

त्या शनिवारी माझंही तेच झालं. ऑफिसमध्ये परवानगी असलेली आंतरराष्ट्रीय लाइन होती, त्यामुळे तिथे व्हॉट्सॲप चालायचं. खोलीवर मी एक व्हीपीएन ॲप वापरायचो, ते बंद पडलं. मी फोन रीस्टार्ट केला, राउटर काढून पुन्हा लावला, ॲप अपडेट केलं आणि शेवटी “नेट स्लो आहे, सोमवारी बघू” म्हणून झोपलो. नेटवर्क कसं चालतं हे मी कॉलेजात चार वर्षं शिकलोय, तरी मी दोष दिला तो राउटरला!

सोमवारी ऑफिसात पोहोचलो आणि सगळे मेसेज एकदम आले. घरी माझा चिनी नंबर कुणाकडेच नव्हता, कारण आम्ही कायम व्हॉट्सॲपवरच बोलायचो. आज्जी चार दिवसांनी घरी आली, आता ठणठणीत आहे. पण ताई फोनवर पहिलं वाक्य बोलली ते असं, “बघायचं तरी होतंस रे एकदा.” तिला फायरवॉल समजावून सांगताना मलाच ते बहाण्यासारखं वाटत होतं.

मग वीचॅट का नाही वापरलं?

चीनमध्ये सगळे वीचॅट वापरतात. मीही वापरायचो. पण भारत सरकारने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉक, शेअरइट आणि यूसी ब्राउझर तुम्हाला आठवत असतील, त्याच यादीत वीचॅटही होतं. म्हणजे घरच्यांचं ॲप माझ्याकडे बंद आणि माझं ॲप घरच्यांकडे बंद. दोन्ही बंद्यांची कारणं वेगळी आहेत, पण मधे अडकलेल्या माणसाला दोन्हीकडून दार बंदच.

शिवाय वीचॅटवरची सेन्सॉरशिप आणखी वेगळी आहे. तिथे तपासणी कंपनीच्या सर्व्हरवरच होते. चिनी नंबरवर उघडलेल्या अकाउंटवरून काही ठरावीक शब्द पाठवले, तर मेसेज समोरच्याला पोहोचतच नाही आणि आपल्यालाही तसं कळवलं जात नाही, असं टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१६ मध्ये तपासून दाखवलं. असं अकाउंट घेऊन तुम्ही दुसऱ्या देशात गेलात तरी हा नियम सोबत येतो. त्यामुळे माणूस हळूहळू स्वतःच शब्द गाळायला लागतो. मी तर तिथे बातम्यांवर बोलणंच सोडून दिलं होतं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

रोमिंग सिमवर मात्र कसं चालतं?

यानंतर ऑफिसातल्या एका मित्राने हाँगकाँगचं सिम घ्यायला सांगितलं. ते शेनझेनमध्ये रोमिंगवर टाकलं आणि व्हॉट्सॲप लगेच सुरू! कारण सोपं आहे. रोमिंगमध्ये आपला डेटा साधारणपणे स्थानिक नेटवर्कवरून थेट इंटरनेटवर जात नाही. तो एका बंद बोगद्यातून आधी सिमच्या मूळ कंपनीकडे जातो आणि तिथून बाहेर पडतो. हाँगकाँगचं इंटरनेट या फायरवॉलच्या बाहेर आहे. भारतीय सिमचं रोमिंगही याच तत्त्वावर चालतं, फक्त पॅकचे दर आधी बघून घ्या.

चीनला जाणार असाल तर एवढं करा

• तिथला साधा फोन नंबर घरी कागदावर लिहून द्या. आयएसडी कॉल आणि एसएमएस फायरवॉलमध्ये अडकत नाहीत.
• भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून जा. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात.
• ऑफलाइन नकाशे, भाषांतराचं ॲप आणि कामाची कागदपत्रं इथूनच डाउनलोड करून न्या. प्ले स्टोअर तिथे उघडत नाही.
• व्हीपीएनच्या भरवशावर राहू नका. मंजुरी नसलेल्या व्हीपीएनवर तिथे बंदी आहे आणि २०१७ मध्ये ॲपलनेही तिथल्या ॲप स्टोअरमधून अशी ॲप्स काढून टाकली.
• एखादी साइट उघडली नाही तर फोन रीसेट करायच्या आधी तीच साइट दुसऱ्या नेटवर्कवर उघडून बघा. तिथे उघडली, तर बिघाड तुमच्या फोनमध्ये नाही.

ही शेवटची सवय भारतातही कामाला येते, कारण आपल्याकडेही साइट्स बंद होतात आणि दर वेळी कारण लिहून येतंच असं नाही.

मी आता पुण्यात परत आलोय. आज्जीने माझे सगळे नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, आणि अजूनही मेसेज करून झाला की ती ताईला विचारते, “दोन टिका आल्या का गं?”