सक्लर कळप, सेंद्रिय : पैदास व हिवाळी वैरण

ब्रिटन व आयर्लंडमध्ये गोमांसासाठी पाळलेल्या ज्या गाईंची धार काढत नाहीत, सगळे दूध वासरालाच पिऊ देतात, त्यांचा कळप. वासरे सहा ते दहा महिन्यांची झाली की तोडतात. ॲबर्डीन-अँगस, हेरेफर्ड, शॉर्टहॉर्न या तिथल्या मूळच्या जाती. शारोलेसारख्या फ्रेंच जातीच्या वळूपासून वासरू वजनदार मिळते, मात्र गाय अडण्याचा धोका वाढतो.

पैदास : वर्षाला एक वासरू एवढीच गाईची मिळकत. गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा. म्हणजे व्याल्यावर पुन्हा गाभण राहायला ८२ दिवस उरतात. अंगावर पिणारे वासरू माज लांबवते आणि गाय हाडावर आलेली असली तर तो आणखी लांबतो. एरवी संप्रेरके टोचून माज जुळवून आणता येतो. सेंद्रिय नियमांत त्याला मनाई आहे, भ्रूणरोपणालाही. कृत्रिम रेतन चालते, पण मोकळ्या चरणाऱ्या गाईंचा माज टिपायला माणूस हवा, म्हणून बहुधा वळूच सोडतात. प्रौढ वळूमागे ३० ते ४० गाई, तरण्यामागे निम्म्या. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागत असल्याने आधी येऊन गेलेला ताप ऐन हंगामात नडतो. वळूची तपासणी म्हणूनच वेळेवर हवी. नऊ ते बारा आठवड्यांनी वळू काढून घेतात. तोवर उलटत राहिलेल्या गाई सोनोग्राफीत रिकाम्या निघतात आणि विकल्या जातात.

अंगस्थिती : हिवाळ्याचा सगळा हिशेब इथे ठरतो. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवून आडव्या हाडांची टोके चाचपतात. ती बोटांना टोचली तर गुण १. जोर दिल्यावरच लागली तर ३. चरबीखाली पार बुडाली तर ५. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये विणारी गाय गोठ्यात येताना ३ व विताना २.५ असावी. पाठीवरची चरबी उतरवत हिवाळा काढणे हीच इथली काटकसर. शेवटच्या महिन्यात मात्र वैरण तोडू नये. वासरू लहान राहील या आशेने ती तोडणारे चीक गमावतात.

वैरण : आटलेल्या गाभण गाईला उशिरा कापलेल्या गवताचा साधा मुरघास पुरतो, तोही मोजून आणि पेंढा मिसळून. शरदात व्यालेली गाय थंडीत दूध पाजते आणि पुन्हा भरायचीही असते. पहिल्या कापणीचा उत्तम मुरघास तिचा. रासायनिक खत बंद असल्याने नत्रासाठी तांबडा क्लोव्हर पेरतात. त्यातल्या संप्रेरकसदृश द्रव्यांनी मेंढ्यांची गर्भधारणा घटते. गाईंबाबत एकमत नाही. युरोपीय संघाच्या २०१८/८४८ क्रमांकाच्या नियमावलीनुसार (१ जानेवारी २०२२ पासून लागू) रोजच्या शुष्क आहाराचा किमान ६०% भाग चाऱ्याचाच लागतो. युरिया आणि जनुकबदल केलेले सोयाबीन वर्ज्य.

गोठा : गोठ्यातली निम्मी जमीन तरी सलग, म्हणजे बिनफटींची हवी, बसायला कोरडा पेंढा. गॅलोवे व हायलँड गाई बाहेरच हिवाळा काढतात.

रोग : यकृतातील पर्णकृमी, वसंतातल्या कोवळ्या गवतावर मॅग्नेशियमची उणीव.