मूल कुणाचं, मूल कुठं?

समजा, साताऱ्यात घटस्फोट झाला आणि आई मुलाला घेऊन सांगलीला माहेरी राहायला गेली. सुरुवातीला बापाचं मुलाशी फोनवर बोलणं व्हायचं, मग फोन उचलले जाईनासे झाले. बाप वकिलाकडे गेला की वकील आधी विचारतो, मूल सध्या राहतं कुठं?

हा प्रश्न १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातून येतो. इंग्रजांचा हा कायदा आजही चालू आहे. त्याखाली अर्ज करायचा, तर मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथं.

तेव्हा हे 'कुठं' फार जड होतं. तासगाव, वाळवा, शिराळा सातारा जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान. तासगावचं मूल काही कोसांवरच्या सांगलीत नेलं, की ते ब्रिटिश कोर्टाच्या हद्दीबाहेर गेलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा कुठं हे सगळं एका कायद्याखाली आलं.

हद्दीचा असा फटका इंग्लंडमध्येही बसला होता. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन १८३६ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली. मुलांवर हक्क फक्त बापाचा. तिच्या खटपटीमुळे १८३९ मध्ये कायदा बदलला: सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट आईला मागता येऊ लागली. पण नवऱ्यानं तिन्ही मुलगे स्कॉटलंडला नेले होते, आणि तिथं हा कायदा लागू नव्हता. १८४२ मध्ये धाकटा घोड्यावरून पडला. आई पोचेपर्यंत तो गेला होता.

आपल्या १८९० च्या कायद्यातही बाप पहिला होता, आणि भेटीसाठी वेगळं कलम नव्हतं. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नं घटस्फोट देणाऱ्या कोर्टाला मुलांबद्दल आदेश द्यायचा अधिकार दिला, निकालानंतरसुद्धा. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बापाला साताऱ्याच्या त्याच कोर्टाचं दारही उघडं आहे. १९५६ च्या कायद्यानं पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवलं आणि मुलाचं हित सर्वांत वर मानलं. तरी नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या 'नंतर'चा अर्थ सैल केला: बाप जिवंत असतानाही आई पालक असू शकते.

२०२० मध्ये याच न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क तर हवाच, शिवाय संपर्काचाही. रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, व्हिडिओ कॉल उत्तम. सव्वाशे वर्षं 'मूल कुणाचं' यावर भांडणाऱ्या कायद्याला मुलालाही दोघं हवे असतात, हे असं हळूहळू उमगलं.

म्हणून अर्जात नुसतं 'भेट मिळावी' लिहून भागत नाही. कोणता रविवार, किती ते किती, कुठं, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस, कॉल किती वाजता, हे सगळं मागायचं. आदेश मोघम असला, की प्रत्येक भेटीला नवं भांडण होतं. मारहाणीची भीती असेल तर कोर्ट कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट ठरवू शकतं, नाकारूही शकतं. मूल कळतं असेल तर त्याचं मतही विचारात घेतं. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना सहसा असते.

आणि अंतरिम भेटीचा अर्ज मूळ अर्जासोबतच द्यावा. अंतिम निकालाला वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलाला बापाचा चेहरा विसरायला तेवढी लागत नाहीत.