तळघरात थांबलेली बेरीज

अ + ब × क हे सूत्र आम्ही शाळेत सहज सोडवीत असू. यंत्राला मात्र एका वेळी एकच आज्ञा कळते. म्यूनिकच्या बाऊअर व सामेलसन यांनी १९५७ साली यावर तोड काढली. सूत्र डावीकडून वाचावे, गुणाकार दिसताच आधीची बेरीज ‘तळघरा’त थांबवावी, गुणाकाराची आज्ञा प्रथम लिहावी आणि मग बेरीज बाहेर काढावी. शेवटी ठेवलेले आधी निघते. त्याच वर्षी आलेल्या बॅकस यांच्या फोरट्रानने, कंपायलरने लिहिलेल्या आज्ञा कसबी हाताच्या तोडीच्या असू शकतात, हे साशंकांना दाखवून दिले. आमच्या दफ्तरातही शेवटची फाइल वरच असे. तळाच्या मात्र वर्षानुवर्षे पडून राहत. यंत्राचे तळघर सूत्र संपताच रिकामे व्हावेच लागते. ही शिस्त आम्हांस साधली नाही.