सनद, तिकीट आणि पारपत्र

मॉरिशसला जाणाऱ्या भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील शासनाने साठ दिवसांपर्यंतच्या सहलीसाठी ही सवलत प्रथम दिली. वैध पारपत्र, परतीचे तिकीट, मुक्कामाची सोय आणि खर्चापुरता पैसा एवढे दाखविले की विमानतळावर शिक्का मिळतो. मात्र पर्यटक म्हणून आलेल्याने तेथे नोकरी करावयाची नाही. नियम साधे आहेत, परंतु या बेटाचा इतिहास ठाऊक असणाऱ्यास यांतील प्रत्येक अट थबकून वाचावीशी वाटेल. कारण याच किनाऱ्यावर आपलीच भाषा बोलणारी माणसे एकेकाळी अगदी उलट नियमांनी उतरविली गेली होती.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्यानंतरच्या सुमारे नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. कलकत्ता व मद्रास यांच्याप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतून प्रामुख्याने रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे गेली. बंदरावरील ज्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे आत आली, ते ‘आप्रवासी घाट’ हे स्थळ २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

त्यांना व्हिसा नव्हता, पण कागद होता. प्रत्येकास एक क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खूण, गाव व जिल्हा यांची नोंद होई, आणि हातात तिकीट दिले जाई. हे तिकीट प्रवासाचे नव्हते. ते बाळगणारा कोणत्या मळ्याशी बांधलेला आहे, याचा तो दाखला होता. आज पर्यटकाजवळ परतीचे तिकीट नसेल तर त्याला प्रवेश नाकारता येतो. मजुरांना मात्र आरंभी मिळणारा परतीचा फुकट प्रवास १८५० नंतरच्या काही वर्षांतच बंद करण्यात आला.

कराराची वर्षे संपली तरी माणूस मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांवर छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. कागद नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात धाडले जाई. ब्रिटिश पारपत्रावर छायाचित्र आले ते १९१५ साली. साहेबाच्या आधी जवळजवळ अर्धशतक ते मजुराच्या कागदावर चिकटविले गेले होते! १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला. त्यावरून राजकीय आयोग नेमला गेला आणि त्याच्या १८७५ च्या अहवालाने या जाचाची कबुली दिली.

हिंदुस्थानात या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात आवाज उठविणारे गोपाळ कृष्ण गोखले होते. १९१२ मध्ये ही पद्धत सर्वत्र बंद करावी असा ठराव त्यांनी मांडला. तो फेटाळला गेला. अखेर १९१७ मध्ये, महायुद्धाच्या काळात, भारत संरक्षण कायद्याखाली मजूरभरती थांबली. त्याच वर्षी, त्याच कायद्याखाली, हिंदुस्थानाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांस पारपत्र सक्तीचे झाले, आणि १९२० च्या पारपत्र कायद्याने ती सक्ती कायम केली. तोवर ऐपतदार प्रवाशास कागद क्वचितच विचारला जाई. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या तेव्हा आजच्या अर्थाचा व्हिसा ही गोष्टच नव्हती.

आम्ही माळव्यातले मराठी हा इतिहास परका मानत आलो. आमचे पूर्वजही मुलूख सोडूनच आले, पण ते होळकर-शिंदे-पवारांच्या मागोमाग आले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाले, तेव्हा कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार येथे स्थिरावले. वाटेत दस्तक लागले तरी ते देणारे आपलेच दरबार होते. म्हणूनच आमच्या घरांतील जुन्या दफ्तरांत सनदा जपलेल्या सापडतात आणि त्या आम्ही अभिमानाने दाखवितो. कोकणातून समुद्रापार गेलेल्यांच्या घरी सनद नव्हती. होता तो क्रमांक. परंतु भाषा त्यांनीही सोडली नाही. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. वतन आणि दरबार पाठीशी असताना भाषा टिकविणे आणि मळ्यावरच्या वस्तीत ती टिकविणे, यांतील दुसरे काम अधिक कठीण होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मजुरांच्या त्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचा दाखला देण्याचे ठरविले. त्यासाठी वंशाचा पुरावा लागतो आणि तो शोधताना वंशज या नोंदवह्यांकडेच वळतात. पणजोबांना मळ्याशी जखडण्यासाठी लिहिलेले गावाचे नाव पणतूला त्या गावाची वाट दाखविते.

कागद दार उघडतो की लावतो, हे कागदावर ठरत नाही. दारावरचा माणूस समोरच्याला पाहुणा समजतो की राबणारा, यावर ते ठरते. आमच्यापैकी जे मॉरिशसला सहलीसाठी जातील त्यांनी समुद्रस्नानातून थोडा वेळ काढून त्या सोळा पायऱ्या पाहून याव्यात. आणि तेथे कोणी जुन्या वळणाच्या मराठीत विचारपूस केली, तर त्या घराकडे सनद नाही म्हणून त्याचे मराठीपण उणे समजू नये.