सगळा करंट गेला! जुन्या ट्रकचं निदान आणि संशोधनाची पहिली अट

पेट पास झाली, विषय जवळजवळ ठरला की गाईड पहिलं वाक्य बोलतात, “आधी मेथडॉलॉजी पक्की करा.” मग आपण गृहीतक, चल, नियंत्रण हे शब्द पाठ करतो. पण हे सगळं प्रत्यक्षात चालतं कसं, ते पुस्तकातून लवकर उमगत नाही. म्हणून आज प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ या. नांदेड-लातूर भागातला जुना, बॉनेटवाला ट्रक. लक्षण एकच: सगळा करंट गेला. दिवे नाहीत, हॉर्न नाही, सेल्फ उचलत नाही, डॅशबोर्डवर एकही बत्ती नाही.

प्रश्न असा आहे की या एका लक्षणाचा अर्थ काय? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ट्रक कोणत्या काळातला आहे हे कळल्याशिवाय या लक्षणाला अर्थच नाही. त्यामुळे थोडा इतिहास पाहावा लागेल.

ट्रक इथे का महत्त्वाचा झाला

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला आणि २७ बसगाड्यांनी सुरुवात केली. रेल्वेलाच रस्त्यावर उतरावं लागलं, यातच बरंच काही आलं. आपल्या दोन शहरांचं बघा. नांदेड मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्गावर होतं. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली, पण ती नॅरोगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर अडीच फूट. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जाणार नाही. लातूरच्या बाजारातली डाळ काय किंवा नांदेडकडचा कापूस काय, मधला प्रवास रस्त्यानेच सोपा. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटच्या पठारावर चढतो. या रस्त्यावर रात्री दिवे गेलेला ट्रक म्हणजे गाडी, माल आणि समोरून येणारा माणूस, तिघांनाही धोका. निदान चुकलं तर नुसता वेळ जात नाही.

पेट्रोल गेलं, डिझेल आलं

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात जुळणी होणाऱ्या ट्रकमध्ये डॉज आणि फार्गो ही मोठी नावं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी सुरू केली. सुरुवातीची इंजिनं पेट्रोलची होती. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते आणि ठिणगीला करंट लागतो. म्हणून अशा ट्रकचा सगळा करंट गेला की इंजिनही तिथल्या तिथे बंद.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक निघू लागले. हा करार १५ वर्षं चालला. १९६९ नंतर पुढच्या जाळीवरचा तारा गेला आणि टाटांचं चिन्ह आलं. त्या काळच्या डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, आणि डिझेल फवारणारा पंप इंजिनाच्याच गिअरवर फिरतो. त्याला वायरची गरज नाही. एकदा चालू झालेलं असं इंजिन करंट पूर्ण गेला तरी धडधडत राहतं. दिवे गेले, हॉर्न गेला, पण गाडी पळतेय! बंद केलं तर मात्र सेल्फ उचलणार नाही. मग उतारावर सोडायची नाहीतर धक्का स्टार्ट.

म्हणजे “इंजिन चालू राहिलं” या निरीक्षणातून फार्गोच्या पेट्रोल ट्रकवर तुम्ही म्हणू शकता की कुठूनतरी करंट येतोय. बेंझच्या ट्रकवर त्याच निरीक्षणातून काहीही सिद्ध होत नाही. निरीक्षण तेच, पुराव्याचं वजन शून्य.

डायनमोची कसोटी अल्टरनेटरला मारते

जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनमो असे, सोबत कटआऊट. इंजिन हळू फिरत असलं की डायनमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडतं. तेव्हा करंट उलटा वाहून बॅटरी उतरू नये म्हणून कटआऊट जोडणी तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी रात्रभरात डायनमोमार्फत रिकामी होते, आणि सकाळी “सगळा करंट गेला”.

१९६० नंतर डायनमोच्या जागी हळूहळू अल्टरनेटर आला. त्यात डायोड असतात आणि उलटा करंट तेच अडवतात, त्यामुळे कटआऊटची गरज संपली. पण दोन नव्या गोष्टी आल्या. डायनमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, म्हणून बॅटरी अगदी उतरलेली असली तरी धक्का मारून चालू केलेल्या गाडीत तो बहुधा स्वतःहून चार्ज सुरू करतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीकडून थोडा करंट लागतो, तो नसेल तर नुसता फिरत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे डायोड नाजूक असतात. बॅटरी उलटी जोडली की क्षणात जळतात. ब्रिटिश गाड्यांत एके काळी बॅटरीची प्लस बाजू चासीला जोडायची पद्धत रूढ होती, नंतर मायनस आली. म्हणून जुन्या गाडीत बॅटरी बदलताना पहिला प्रश्न हाच, की अर्थ प्लस आहे की मायनस?

आता खरी गंमत. डायनमोच्या काळात एक कसोटी सर्रास चाले. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं तर डायनमो चांगला. पेट्रोल इंजिन, बेताचा वेग असेल तर या कसोटीत काहीतरी तथ्य होतं. डिझेलवर ती निरर्थक झाली, कारण डायनमो मेलेला असो की जिवंत, इंजिन चालणारच. दोन्ही शक्यतांत निकाल सारखाच येत असेल तर ती चाचणीच नव्हे. आणि अल्टरनेटरवर तीच कसोटी घातक ठरते. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळतात. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मरतो, आणि निकाल येतो की “अल्टरनेटर खराब होता”. यंत्र बदललं, कसोटी मात्र सवयीने पुढे चालत राहिली.

सगळं गेलं, म्हणजे शोध सोपा

ऐकायला उलटं वाटेल, पण एक दिवा गेलेल्या गाडीपेक्षा सगळं गेलेली गाडी तपासायला सोपी असते. दिवे, हॉर्न, वायपर एकाच क्षणी स्वतंत्रपणे बिघडण्याची शक्यता जवळपास नाही. म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे. ही वाट छोटी असते: बॅटरी, तिचे टर्मिनल, चासीला जाणारी अर्थची पट्टी, मुख्य वायर, जुन्या गाडीत ॲमीटर, मग मेन स्विच.

त्यातही एक फाटा आहे. सेल्फची जाड केबल बॅटरीपासून थेट जाते आणि बाकीचा करंट ॲमीटरमधून. काही जुन्या ट्रकमध्ये सेल्फचा स्विच पायाने दाबायचा असे. अशा गाडीत सेल्फ फिरतो पण बाकी सगळं बंद असेल, तर बॅटरी आणि अर्थ निर्दोष, दोष ॲमीटरपासून पुढे. सेल्फसुद्धा मेलेला असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थ बघायचे. एका प्रश्नात अर्धी वाट बाद! २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, तेव्हा मधली छोटी जोडणी सुटली तरी सगळं बंद.

मीटर खरं बोलतो, तरीही फसवतो

१९२३ मध्ये ब्रिटनच्या पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरच्या कल्पनेतून ॲव्होमीटर बाजारात आला. ॲम्पिअर, व्होल्ट, ओहम एकाच पेटीत. आज डिजिटल मल्टिमीटर कुणाच्याही खिशात असतो. पण गॅरेजमध्ये अजून दोन वायरींचा साधा टेस्ट लॅम्प का वापरतात? हिशोब करू या.

समजा, टर्मिनलवर गंज चढून १०० ओहम रोध तयार झालाय. बॅटरी १२.६ व्होल्टची. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम. त्याच्यापुढे १०० ओहम म्हणजे काहीच नाही, त्यामुळे गंजाच्या पलीकडेही मीटर १२.६ च दाखवणार. आता तिथेच २१ वॅटचा बल्ब लावा. त्याचा तापलेला रोध सुमारे ७ ओहम. वाहायला हवा पावणेदोन ॲम्पिअर करंट, वाहतो जेमतेम ०.१२. बल्ब पेटणारच नाही. मीटर म्हणतो “करंट आहे”, बल्ब म्हणतो “नाही”. खोटं कुणीच बोलत नाही. मीटरने भार न टाकता विचारलं, बल्बने भार टाकून विचारलं. आणि ट्रकला काम भाराखालीच करायचं असतं.

म्हणून नीट पद्धत अशी: दिव्याचा स्विच चालू ठेवायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर धरायचं आणि दुसरं वाटेवर एकेक जोडणी पुढे सरकवायचं. ज्या जोडणीनंतर मीटर शून्यावरून एकदम १२ च्या आसपास उडी मारतो, तिथेच दोष. प्लसची वाट कोरी निघाली तर तेच अर्थच्या बाजूने. काहीही बदलण्याआधी हे करायचं. आधी नवी बॅटरी टाकली, तर टर्मिनल घासले गेल्यामुळे गाडी चालू होते, आणि श्रेय बॅटरीला जातं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, की कारण कोणतं हे कायमचं हरवतं.

तुमच्या टेबलावर

आता ट्रक बाजूला ठेवा आणि तुमच्या विषयाकडे या. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तुम्ही वापरणार ती प्रत्येक चाचणी किंवा प्रश्नावली लिहा. दुसऱ्यात ती कोणत्या काळात, कोणत्या उपकरणासाठी किंवा कोणत्या लोकांसाठी तयार झाली ते लिहा. तिसऱ्यात लिहा की गृहीतक खरं असेल तर निकाल काय येईल आणि खोटं असेल तर काय. तिसऱ्या रकान्यात दोन्हीकडे सारखंच उत्तर आलं, तर ती चाचणी डिझेल ट्रकची बॅटरी काढून बघण्यासारखी आहे. सिनॉप्सिस जमा करण्याआधी ती ओळ खोडा. नंतर व्हायव्हात एक्स्टर्नलने ती शोधून काढण्यापेक्षा हे बरं.