काळी दिसली म्हणून सोळा आणे नव्हती

सातबारावर जो 'आकार' असतो, त्याचं मूळ इंग्रजांच्या काळातल्या प्रतबंदीत आहे. १८३५-३६ ला इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी हे काम धरलं, १८४७ ला नियम पक्के झाले.

मातीचे प्रकार तीन. पहिली बारीक, काळी ते गडद तपकिरी. दुसरी जरा भरड, बहुतेक तांबडी. तिसरी मुरमाड, फिकट तपकिरी ते करडी. पण नुसत्या रंगावर भागत नव्हतं. खोली हातात मोजायचे. काळी पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे, तीच हातभर असली तर दहाच आणे. चुनखड, वाळू, उतार असा दोष निघाला की प्रत एक पायरी खाली.

आपण आज वीतभर माती तपासायला देतो अन् बाग लावतो. संत्रा-मोसंबीची मुळं खाली चुनखडीत गेली की लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून आधी तीन फूट खड्डा घ्या. रंग कुठं बदलतो बघा. पांढरे खडे ॲसिडच्या थेंबानं फसफसले तर चुनखड समजा. निळसर करडा थर लागला तर तिथं पाणी तुंबतं. रोपं त्यानंतर आणा.