मावळा जागचा हलत नाही

खुटबाव-केडगावच्या पट्ट्यात ऊस, गुऱ्हाळं आणि पाटाचं पाणी, त्यामुळे दिवाळीच्या किल्ल्याला चिखलाची ददात नसते. अंगणात दगड-विटा रचायच्या, वर पोतं अंथरायचं, माती लिंपायची आणि हळीव पेरायचा. मावळे तेवढे बाजारचे. प्लास्टरचे, भडक रंगवलेले, भाला उगारून खिळल्यासारखे उभे. भोक पाडून तार ओवायला जावं तर हातच निखळून येतो. म्हणून पोरांनी मावळ्यांचा नाद सोडला आणि त्यांच्या भोवतीचं सगळं हलवायला घेतलं.

आधी हललं ते पाणी. सलाईनच्या बाटलीचं बूड कापायचं, ती उलटी करून लिंबाच्या फांदीला टांगायची. नळी मातीखालून बालेकिल्ल्यापर्यंत न्यायची, टोकाला छर्रा काढलेली रिकामी रिफील खोचायची. नळीवरचं चाक सैल केलं की कारंजं उडालंच. बाटली रिकामी होत जाते तशी धार बसत जाते; बाटलीतल्या पाण्याच्या वर तर ती कधीच चढत नाही. पुस्तकातला दाबाचा धडा पुढे कधीतरी यायचा.

हा माल कंपाउंडरच्या मेहेरबानीवर मिळायचा. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि वापरलेली नळी अशी वाटणं बेकायदा ठरलं. बरंच झालं म्हणायचं, कारण सुईसकट नळी घरी आणणारे बहाद्दर होतेच. मग मेडिकलमधून कोरा सेट आणायची वेळ आली.

त्याच सुमारास कॅसेटचे दिवस भरले. भंगारात निघालेल्या टेपरेकॉर्डरमधली मोटर पवनचक्कीला लागली. शिवकाळात पवनचक्की कुठली, असं विचारायचं नसतं. मोटर थेट लावली तर पाती टेबलफॅनसारखी भणभणतात, दिसतच नाहीत. एक सेंटिमीटरच्या पुलीवरून दहा सेंटिमीटरच्या झाकणावर रबर चढवलं की वेग दहा पटींनी उतरतो. ही अक्कल बहुतेक गणपतीतल्या हलत्या देखाव्यांनी दिली असावी. पडद्यामागे डोकावलं की दिसायचं, राक्षसाचा हात वर-खाली करणारी मोटर गाडीच्या वायपरची आहे. पुढे भारनियमनाच्या वर्षांत एलिमिनेटरवरची पवनचक्की तासन्‌तास बंद पडून राही. सलाईनला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धांमध्येही अशा खऱ्या किल्ल्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीला भाव आहे. तिथे माचीवर कारंजं दिसलं की परीक्षक गुण कापणार, हे उघड आहे. मला मात्र कारंजं नसलेला किल्ला अर्धवटच वाटतो.

घरच्या किल्ल्यावर ते अजून उडतं. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा चिमुकला पंप ऑनलाइन मिळतो. लिंबाची फांदी लागत नाही. फक्त पाणी आटलं तर तो कोरडा फिरून जळतो, म्हणून वाटीत तांब्याने भर घालायला एकाला नेमावं लागतं, आणि त्या कामावरून भावंडांत रोज भांडण.